दोन इवाई आणि अमेरिकेची वाट

माझ्या सासऱ्यांचा उजवा गुडघा बदलला त्या हिवाळ्यात आमच्या सिडकोतल्या फ्लॅटमध्ये अमेरिका शिरली आणि दोन महिने हलली नाही.

झालं असं, की ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मामंजींना लगेच गंगापूरकडं जायला मनाई केली. रोज व्यायाम करून घ्यायला माणूस येणार होता, टाके दाखवायचे होते, आणि गावाकडच्या घराला पाच उंच पायऱ्या. सासूबाई येऊ शकत नव्हत्या. ऊसतोड ऐन भरात होती आणि शेतावर घरचं माणूस लागतंच. माझा नवरा वाळूजच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. सकाळी सातला घर सोडते, दीडला परत येते. मुलगी पहिलीत. म्हणजे सकाळभर मामंजी घरात एकटे, वॉकर धरून.

"दादांना विचारून बघू का?" मी म्हणाले.

नवरा कप हातात धरून माझ्याकडं बघत राहिला. "विचार," म्हणाला. "पण अप्पा..." मामंजींना तो अप्पा म्हणतो. पुढचं सांगायची गरजही नव्हती.

दादा म्हणजे माझे वडील. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून हर्सूलच्या घरी एकटे राहणारे. आम्ही बौद्ध. नवऱ्याकडचे गंगापूर तालुक्यातले जमीनवाले, चार गावांत सोयरीक असलेले. आमचं लग्न झालं तेव्हा मामंजी आले होते, हे आधी सांगते, कारण त्यांच्या भावकीतलं दुसरं कुणीच आलं नव्हतं. आले, माझ्या वडिलांच्या गळ्यात हार घातला, फोटोत उभे राहिले आणि पंगत बसायच्या आत निघून गेले. त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत दोघं भेटले की ठरलेलं बोलणं व्हायचं.

"काय इवाई, बरं हाय का?"

"बरं हाय. तुमचं?"

"चाललंय."

आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात. शब्द मोठा मायेचा आहे. या दोघांच्या तोंडी तो चेकवरच्या सहीसारखा यायचा.

दादांना फोन केला तर ते लगेच हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच हजर. हातात पेपर, खिशात चष्मा. मी निघताना वळून पाहिलं. एका सोफ्यावर मामंजी, दुसऱ्या सोफ्यावर दादा, आणि मध्ये बंद टीव्ही. परत आले तर दोघं तिथंच, तसेच. पेपर तेवढा मामंजींकडं गेला होता.

पंधरा दिवस असेच गेले. दादा त्यांना उठवायचे, बाथरूमपर्यंत सोबत जायचे, गोळ्या मोजून द्यायचे, मी करून ठेवलेलं जेवण गरम करायचे. मामंजी "बस, बस, व्हतंय मला" म्हणायचे. भांडण नाही, टोमणा नाही, काहीच नाही. मला वाटायचं, यापेक्षा भांडले असते तर बरं.

तर ते भांडले.

कॉलेजात विद्यार्थ्यांचं एक भूगोल मंडळ आहे. महिन्यातून एकदा अभ्यासक्रमाबाहेरच्या विषयावर कुणीतरी बोलतं. त्या वेळी पाळी माझी होती आणि मी विषय निवडला होता, अमेरिकेत माणूस पहिल्यांदा कसा पोचला. एका रविवारी मी डायनिंग टेबलावर मोठा नकाशा पसरून त्यावर बर्फाचे पट्टे रंगवत होते. दादाही आलेले होते. रविवारी यायची गरज नव्हती, तरी आले होते. मामंजी वॉकर टेकवत टेबलापाशी आले.

"हे काय हाय?"

मी सांगितलं. फार पूर्वी, जगात जिकडंतिकडं बर्फ होता तेव्हा समुद्राचं पाणी खाली गेलं होतं. आशियाचं हे टोक आणि अमेरिकेचं हे टोक यांच्यामध्ये आज समुद्र आहे, तिथं तेव्हा कोरडी जमीन होती. माणसं सैबेरियाकडून तिच्यावर आली, इथपर्यंत बहुतेकांचं एकमत. पण पुढं सगळा कॅनडा बर्फाखाली. मग खाली उतरली कशी? बरीच वर्षं असं शिकवत की बर्फाच्या दोन चादरींमध्ये एक लांब पट्टी मोकळी झाली आणि शिकारी त्या वाटेनं चालत गेले. आता बरेच जण म्हणतात, नाही, त्याच्या आधीच माणसं पश्चिमेच्या किनाऱ्यानं, होड्यांमधून गेली.

"चालतच गेले," मामंजी लगेच म्हणाले. निकाल लागला होता. "जनावराच्या मागं गेले. चाऱ्यामागं जनावर, जनावरामागं माणूस. त्यात काय इचार करायचा?"

"नाय," दादा म्हणाले.

मी ब्रश हातात धरून तशीच थांबले. अकरा वर्षांत माझ्या वडिलांनी या माणसाला कधी 'नाय' म्हटलेलं नव्हतं. चहा गार झालेला असला तरी "बरंय" म्हणायचे.

"काय नाय?" मामंजी.

"चालत नाय गेले. वाट बंद व्हती ना? ही म्हणतीया, हजारो वर्षं बंद. मग ती उघडंस्तोवर माणसं काय करत व्हती? माणूस थांबत नाय, इवाई. मी अजिंठ्याच्या घाटात गाडी चालवली. एकदा सिल्लोडच्या पुढं नाल्यावरचा पूल गेला. गाडीत निम्मं वऱ्हाड. नवरदेव माझ्या मागच्या शिटावर. सगळे म्हणले, पाणी उतरंस्तोवर थांबा. मी एका म्हाताऱ्याला इचारलं, गाडीवाटंनं घातली, दोन गावं फिरून तीन तासांनी मांडवापुढं आणून उभी केली. रस्ता बंद असला की माणूस वळसा घालतो. तसं हे काठाकाठानं गेले."

"बायका-पोरं घेऊन समुद्रात? येडे व्हते काय?"

"काठाला धरून म्हणलो. रोज थोडं थोडं. काठावर मासे हायत, शिंपले हायत, खायला कमी नाय. तुमच्या गंगेच्या काठानं गावं बसली ती कशी बसली?"

गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. आपली गंगा आपल्यावरच उलटलेली मामंजींना आवडली नाही. ते खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी जेवायला तीन वाजले.

सोमवारी मी घरी आले तर माझा नकाशा भिंतीवर लागलेला होता. देवघराशेजारी, चिकटपट्टीनं. मंगळवारी मोठ्या परातीत वाळू होती, फ्रीजरमध्ये पाणी गोठवलेले दोन स्टीलचे डबे त्यावर उपडे केलेले, आणि मुलीचा प्लास्टिकचा हत्ती त्या दोन बर्फांच्या सांध्यापाशी उभा. बर्फ कुठून आधी वितळतो ते बघणं चालू होतं. मुलीला सुटी होती, ती परातीपाशी मांडी घालून बसली होती.

"फट पडली!" मामंजी मला बघून म्हणाले. "बघ, मधूनच पडली!"

"काठानं आधी पडली," दादा म्हणाले. "तुमचं लक्ष नव्हतं. तुम्ही गोळी घेत व्हते."

"आजोबा खरं सांगतात," मुलगी म्हणाली.

"कोणते आजोबा?" दोघांनी एकदम विचारलं. ती शहाणी, उत्तर न देता खेळायला गेली.

व्यायामाला येणारा माणूस मला फोनवर म्हणाला, मॅडम, आजोबांची प्रगती चांगली आहे, पण पाय वाकवताना मला अमेरिकेबद्दल विचारतात, मी काय सांगू? मी म्हटलं, कुणाचीच बाजू घेऊ नका.

माझी पंचाईत अशी, की दोघंही मला साक्षीला बोलवायचे आणि मी माझ्याजवळची माहिती लपवू शकत नव्हते. एके दिवशी मी पावलांचं सांगितलं. अमेरिकेत एका आटलेल्या तळ्याच्या काठी माणसांच्या पावलांचे ठसे सापडलेत, त्यात लहान मुलांचेही आहेत, आणि ते वीस हजार वर्षांहून जुने असावेत असा अंदाज आहे. म्हणजे बर्फातली ती पट्टी उघडायच्या कितीतरी आधीचे.

दादांनी काही बोलायच्या आत मामंजींनी हात वर केला. "थांबा. साल कशावरनं काढलं?"

"ठशांच्या थरातल्या बियांवरून."

"कशाचं बी?"

"पाण्यातल्या गवताचं."

मामंजी पुढं सरकले. सत्तरी ओलांडलेला माणूस, सातवी शिकलेला, पण बियाण्याची पिशवी उघडून न हुंगता कधी विकत घेतली नसेल. "पाण्यातलं गवत पाण्यावर वाढणार. ते पाणीच जुन्या दगडातनं आलेलं असंल तर? त्याचं जुनेपण बियात उतरणार. बी खोटं बोलंल, पोरी."

अगदी हीच शंका मोठमोठ्या अभ्यासकांनी काढलेली होती. मी तसं सांगितलं तेव्हा मामंजी असे काही ताठ बसले की वॉकर कशाला आणला होता असं वाटावं. मग मला सांगावंच लागलं, की पुढं त्याच थरातले झाडांचे परागकण तपासले, ती झाडं जमिनीवरची होती, आणि वय साधारण तेवढंच आलं. तरीही काहींचं समाधान झालेलं नाही.

"काहींचं म्हणजे आमचं," मामंजी म्हणाले.

दादांनी त्या दिवशी त्यांना हरलात असं म्हटलं नाही. जाताना दारात चपला घालताना मला हळूच म्हणाले, "माणूस हुशार हाय गं. बियाचं मला नसतं सुचलं."

भाषणाला आठवडा राहिला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी एकटी बोलले तर ते व्याख्यान होईल, आणि हे दोघं बोलले तर पोरं जागी राहतील. प्राचार्यांना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आणा. दादा एका पायावर तयार. मामंजी म्हणाले, मी कॉलेजात काय बोलणार, मला काय येतं. संध्याकाळी मात्र सासूबाईंना फोन करून गावाकडचा इस्त्रीचा सदरा मागवून घेतला.

शनिवारी सकाळी अकराला हॉलमध्ये साठेक पोरं-पोरी बसली होती. पुढं दोन खुर्च्या. मामंजी टोपी-सदऱ्यात, बाजूला वॉकर. दादा पांढऱ्या शर्टात, पेन खिशाला लावून. मी नकाशा दाखवून मूळ प्रश्न सांगितला आणि बाजूला झाले.

दादा आधी बोलले. त्यांनी पुलाची गोष्ट सांगितली, नवरदेवासकट. पोरं हसली, टाळ्या वाजल्या. मग शांतपणे म्हणाले, "आता माझी कमजोर बाजू मीच सांगतो. होडी लाकडाची, नायतर कातड्याची. सडून गेली. आणि तवाचा काठ आज पाण्याखाली हाय, कारण समुद्र पुन्हा वर आला. म्हंजे माझा बराचसा पुरावा बुडालेला हाय. तुम्ही इश्वास ठेवायचा का नाय, तुमचं तुम्ही बघा."

हे बोलणार असं त्यांनी मला घरी सांगितलेलं नव्हतं. मामंजीही त्यांच्याकडं बघत राहिले.

मग मामंजींची पाळी. उभे राहून बोलणार म्हणाले. उभे राहिले. जनावर, चारा, माणूस हे सगळं त्यांनी चांगलं मांडलं. आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधाला जाणारा, माईक लागलाच नाही. मध्येच थांबले. मला वाटलं पाय दुखतोय. मी पुढं झाले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"एक सांगायचं व्हतं," ते म्हणाले. "हे इवायांना ठाव नाय. म्या सांगितलं नाय तर कोणाला कळणार बी नाय. सात-आठ वर्षांपूर्वी म्या माझं एक रान जेशीबी लावून सपाट केलं. वरची माती गेली, खालचा मुरूम उघडा पडला. चार वर्षं त्यात काय उगवलं नाय. कुसळ नाय. शेणखत घातलं, गाळ आणून टाकला, तवा कुठं पाचव्या वर्षी गवत दिसाया लागलं. आता हे बर्फ हजारो वर्षं जमिनीवर बसलेलं. ते सरकलं म्हंजे खाली काय ऱ्हाणार? गोटे आन् पाणी. तिथं गवत यायला किती पिढ्या लागल्या असतील? गवत नाय तर जनावर नाय. जनावर नाय तर माझा शिकारी कशामागं जाईल?" ते जरा थांबले. "परवापासून हे डोक्यात व्हतं. रात्री नीट झोप नाय लागली. तर माझं म्हणणं असं, की नंतरचे लोक त्या वाटंनं गेले असतील. पण पहिले नाय गेले. पहिले बहुतेक इवाई म्हणत्यात तसे गेले."

मी त्या घरात अकरा वर्षं आहे. विहिरीच्या जागेवरून, बैलाच्या वयावरून, भावकीतल्या वाटणीवरून हा माणूस भांडलेला मी पाहिलाय. 'माझं चुकलं' म्हणताना पाहिला नव्हता. दादा खुर्चीतून उठले आणि त्यांनी टाळी वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी वाजवली.

मागच्या बाकावरून एका पोरीनं हात वर केला. "आजोबा, मग जे पहिले आले, ती जमीन त्यांचीच ना?"

मामंजी बसता बसता थबकले. "तवा सातबारा नव्हता, बाई," ते म्हणाले. पोरं हसली. ते हसले नाहीत. "पहिला कोण ते आपल्याला अजून घावत नाय. अन् मागनं आलेले तर सगळेच. आपण बी." एवढंच बोलले आणि पाणी मागितलं.

बाहेर आलो तेव्हा साडेबारा वाजले होते. आम्ही तिघं एका रिक्षात, वॉकर माझ्या मांडीवर. मी सिडको सांगितलं. मामंजी रिक्षावाल्याला म्हणाले, "हर्सूलकडून घ्या."

"मामंजी, ते उलट्या बाजूला आहे."

"इवायांना आधी सोडू."

दादा म्हणाले, कशाला, मी शहागंजावरून जाईन. मामंजींनी रिक्षावाल्याला 'चला' म्हटलं. हर्सूलला दादांच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा दादा उतरले, आणि त्यांच्या मागं मामंजींनी वॉकर मागितला.

दादांच्या घराला दोन पायऱ्या आहेत. मामंजींनी त्या आधी नीट बघितल्या, मग डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे चांगला पाय आधी टाकून चढले. आत पलंगावर बसले. भिंतीवरच्या माझ्या आईच्या फोटोकडं बघून हात जोडले. दादा गडबडले. "च्या टाकू का?" म्हणाले.

"च्या नको," मामंजी म्हणाले. "जेवायची येळ झाली. काय असंल ते वाढा."

वाढण्यासारखं काहीच नव्हतं. एकट्या माणसाचं घर. सकाळच्या दोन भाकरी आणि डबाभर शेंगदाण्याची चटणी. दादांनी गॅसवर पिठलं टाकलं. मी कांदा चिरायला घेतला आणि बरं झालं घेतला, कारण डोळ्यांतून पाणी यायला कारण हवंच होतं. मामंजी पलंगावर बसून ताट मांडीवर घेऊन जेवले. पिठल्यात मीठ थोडं जास्त झालं होतं. ते बोलले नाहीत.

हात धुताना, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "लग्नात थांबायला पाहिजे व्हतं आम्ही. जेवायला."

दादांनी टॉवेल पुढं केला. "थांबले नाय ते बरं झालं," म्हणाले. "त्या दिवशी आचाऱ्यानं भात करपवला व्हता."

मामंजी इतके हसले की मला गुडघ्याची काळजी वाटली.

जानेवारीच्या शेवटी मामंजी गावाकडं परतले. नकाशा मी काढला. भिंतीचा रंग चार ठिकाणी निघाला. मला वाटलं, आता सगळं थंडावेल. पण एप्रिलमध्ये, माझ्या परीक्षा आटोपल्यावर, दादांनी मला सांगितलं की ते गंगापूरला निघालेत. मामंजींचा फोन आला होता, नदीकाठी कुणाला तरी एक धार काढलेला दगड सापडलाय, जुन्या माणसांनी घडवलेला असावा, येऊन बघा. मी आणि मुलगीही निघालो. सकाळच्या एस.टी.नं गेलो. दादा ड्रायव्हरच्या मागच्या शिटावर बसले आणि गिअर कधी बदलायला हवा होता ते मला कानात सांगत राहिले.

गंगापूरच्या स्टँडवर मामंजी काठी घेऊन उभे होते. वॉकर सुटला होता. शेअरिंगच्या जीपला वेळ होता म्हणून शेजारच्या हॉटेलात चहाला बसलो. त्या हॉटेलात मामंजींना ओळखत नाही असा माणूस नव्हता. दगड त्यांनी रुमालात बांधून आणला होता. दादांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, हा माणसानं घडवलेला नाय, पाण्यानं घासलेला हाय. मामंजी म्हणाले, पाणी काय एकाच बाजूनं घासतं का? आवाज चढले. शेजारच्या टेबलावरच्या एका पुढारी दिसणाऱ्या माणसानं वळून विचारलं, "अप्पा, हे पाहुणे कोण?"

प्रश्नात दुसराही एक प्रश्न होता. तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

मामंजींनी दगड टेबलावर ठेवला, दादांच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे आमचे इवाई. सूनबाईचे वडील. आमचं एका बी गोष्टीत पटत नाय."

आणि पोऱ्या यायची वाट न बघता स्वतः उठून काउंटरवरून चार चहा सांगून आले, त्यातला एक बिनसाखरेचा. दादांना साखर चालत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं ते मला अजून माहीत नाही.